धार कुणाची?

'तू सांगितलं होतं ना बे, मागून धार आहे म्हणून. माझंच लक्ष नव्हतं. तू काहून टेन्शन घेऊन राहिला?'

मांडीला अकरा टाके पडल्यावर इमर्जन्सी वॉर्डातल्या पलंगावर बसून माझा रूममेट मला हे म्हणाला. तो नागपूरचा, मी कोल्हापूरचा. कॅलिफोर्नियात एका घरात राहायला लागून आम्हाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ज्या वस्तूने त्याची मांडी कापली ती मी आमच्याच गॅरेजमध्ये, माझ्या हाताने बनवली होती. त्याने ती स्वतःहून मागून घेतली होती. मी त्याला धोका सांगितला होता आणि त्याने तो ऐकला होता. म्हणजे कागदोपत्री माझी बाजू स्वच्छ आहे.

या गोष्टीला आता वर्ष होईल. ती स्वच्छ बाजू मला अजून पटलेली नाही.

* * *

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. एखाद्या रीलमध्ये तुम्ही पाहिलं असेल: माणूस फळीवर उभा आहे, फळी वेगाने चाललीय, पण ती पाण्याला टेकलेलीच नाही. दोन-अडीच फूट वर, हवेत. खाली पाण्यात काहीतरी आहे, पण दिसत नाही.

ते न दिसणारं म्हणजे हायड्रोफॉइल. फळीच्या पोटातून एक उभी पट्टी खाली जाते, साधारण ७० ते ९० सेंटिमीटर लांब. तिला मास्ट म्हणतात. मास्टच्या खालच्या टोकाला एक आडवी दांडी आणि त्या दांडीवर पुढे एक मोठा पंख, मागे एक छोटा. तत्त्व विमानाचंच. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्यामुळे एवढासा पंख माणसाला उचलतो. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. पुरेसा वेग आला की फळी पाण्याबाहेर येते, तिच्यावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज थांबतो, आणि आपण तरंगतोय की उडतोय ते काही सेकंद कळत नाही. पहिल्यांदा मी असा उठलो तेव्हा मोठ्याने हसलो होतो. एकटाच, पाण्याच्या मध्यावर.

कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या एचडी-४ या हायड्रोफॉइल बोटीने १९१९मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. फळीवरचे प्रकार मात्र या काही वर्षांत वाढले. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेलच्या समुद्रात पतंगाच्या आणि शिडाच्या फॉइलफळ्यांच्या शर्यती झाल्या. मी करतो ते विंग फॉइलिंग. त्यात हातात एक फुगवलेलं शीड धरायचं, ते फळीला जोडलेलं नसतं. त्यालाही विंगच म्हणतात, पण गोंधळ नको म्हणून मी हातातल्याला शीड म्हणतो आणि पाण्याखालच्याला पंख.

आता धोके. साध्या फळीवरून पडलो तर पाण्यात पडतो. फॉइलवरून पडलो तर पाण्यात एक सांगाडा आपल्याबरोबर असतो, कार्बनचा किंवा ॲल्युमिनियमचा, पातळ कडांचा. फळी उलटली की पंख वर येतो आणि आपण वरून खाली जात असतो. फॉइल पाण्याबाहेर फार वर आला आणि पंखाचं टोक उघडं पडलं, तर पंखावर हवा ओढली जाते आणि उचल एका क्षणात नाहीशी होते. ओहोटीला पाणी उथळ असेल तर मास्ट चिखलात रुततो, फळी जागच्या जागी थांबते आणि आपण पुढे फेकले जातो. पायाला दोरी बांधली तर पडल्यावर तीच फळी आपल्याकडे ओढली जाऊ शकते. दोरी बांधली नाही तर फळी वाऱ्याबरोबर दुसऱ्या कुणाकडे जाते आणि आपण पोहत राहतो. म्हणून हेल्मेट घालतात, फुगीर जाकीट घालतात, आणि शिकवणारा पहिला धडा पडण्याचा देतो: फळीपासून लांब उडी मार, सूर मारू नको, वर येताना डोक्यावर हात धर.

हे सगळं माहीत असूनच माणूस यात पडतो. मीही पडलो.

* * *

विकत घेतलेल्या फॉइलवर एक सीझन काढल्यावर मला स्वतःचा पंख बनवायची हौस आली. दिवसभर मी जे बनवतो ते हातात धरता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण, चांगले पंख महाग असतात. गाभा थ्रीडी प्रिंट केला, त्यावर कार्बनचं कापड, त्यात इपॉक्सी, मग व्हॅक्यूम बॅग. चार वीकेंड गेले.

या कामातही इजा होते, फक्त ती रीलमध्ये दिसत नाही. इपॉक्सी कातडीला लागत राहिलं तर कधीतरी शरीर त्याच्याविरुद्ध उलटतं, आणि ती ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. कार्बन घासताना उडणारी धूळ छातीत जाते. मी हे वाचलं होतं. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे, फिल्टरचा मास्क, घासताना पाण्याचा वापर, सगळं काटेकोर केलं. स्वतःच्या फुप्फुसांच्या बाबतीत मी अगदी पुस्तकी होतो.

पंखाची पुढची कड गोल असते, मागची निमुळती होत जाते. माझी मागची कड शेवटी कागदासारखी झाली. बाजारातले भारी पंख तसेच दिसतात. पातळ कडेमुळे पाण्याचा विरोध कमी होतो हे खरं, पण माझ्या वेगाला तो फरक मला कळलाही नसता. मला ती कड दिसायला आवडली होती. फोटो काढून मी दोन ग्रुपांवर टाकला.

त्याच संध्याकाळी पंख पुसताना माझं बोट कापलं. मी बँडेड लावलं आणि खूश झालो, की बघा, केवढी बारीक कड आलीय.

इथे थांबून सांगायला हवं, की त्या कडेवर पॉलिश पेपर फिरवून ती बोथट करायला पंधरा मिनिटं लागतात. मला हे माहीत होतं. मी स्वतः तो पंख आठ महिने वापरला. दहा-बारा वेळा पडलो असेन. काही झालं नाही.

* * *

ऑगस्टमधला शनिवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पश्चिम काठावर, सॅन माटेओच्या पुलाजवळ, उन्हाळ्यात दुपारनंतर वारा हमखास उठतो. रूममेट माझ्या जुन्या विकतच्या फॉइलवर शिकला होता. त्याची कड जाड, सगळंच दणकट. तो म्हणाला, आज तुझावाला दे. मी म्हटलं, 'घे, पण मागची कड लई धारदार आहे, जपून.' तो 'हो बे' म्हणाला आणि गेला.

मी काठावर बसून त्याचा व्हिडिओ काढत होतो, त्यामुळे काय झालं ते माझ्याकडे आहे. वाऱ्याचा झोत येतो, तो जास्तच वर उठतो, पंखाचं टोक पाण्याबाहेर चमकतं. फळीचं नाक खाली जातं, तो पुढे पडतो, फळी उलटते. सगळं मिळून चार सेकंद. या चार सेकंदांत 'जपून' हा शब्द वापरायला कुठे जागा आहे ते मी पुष्कळदा शोधलंय. सापडलेली नाही.

तो फळीवर पालथा पडून काठाकडे आला, दुसऱ्या एकाने त्याला थोडं ओढलं. वेटसूटवर ब्लेडने मारावी तशी सरळ चीर होती. आत काय आहे ते आधी कळलं नाही, मग कळलं. टॉवेल घट्ट दाबून धरला आणि तसाच धरून गाडीत बसवला. डॉक्टर बाईंनी शिवताना शांतपणे सांगितलं की जखम मांडीच्या बाहेरच्या अंगाला आहे हे बरं झालं, आतल्या अंगाला मोठी रोहिणी असते.

त्यानंतर ते पहिलं वाक्य आलं. 'तू सांगितलं होतं ना बे.'

* * *

माझ्या धंद्यात या वाक्याला एक रूप आहे. कुणी बग टाकतो, आपण तपासतो, आणि 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करतो. मोठी गडबड झाली तर मीटिंग घेतो, आणि त्या मीटिंगचा नियम असा की कुणाचं नाव घ्यायचं नाही. कोण चुकलं हे विचारायचं नाही, व्यवस्थेत काय होतं ज्यामुळे चूक होऊ शकली, हे विचारायचं. हा नियम मला मनापासून पटतो, कारण भीती असली की माणसं लपवतात. पण त्याची एक सोयीस्कर बाजूही आहे. 'व्यवस्था' म्हटलं की कुणाचाच हात उरत नाही. गॅरेजमध्ये मात्र व्यवस्था म्हणजे मी एकटा होतो.

पप्पांना फोनवर सांगितलं. पप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते, पुढे सुपरवायझर झाले. प्रेस म्हणजे पत्र्यावर वरून टनावारी वजनाने येणारा ठोका. तिथे हात राहिला तर बोटं जातात. त्यांच्या शेडमध्ये भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं होतं, ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ व्हायची. पण बोटं वाचवायची ती मशिनीवरची दोन बटणं. एकमेकांपासून लांब बसवलेली. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर.

पप्पा म्हणाले, 'बाळा, लक्ष ठेव म्हणून सांगायचं ते ज्याला दुसरं काय करता येत न्हाई त्यानं. तुला येत होतं की.'

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, 'आमच्यात पोरं एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायची. नगावर पैसे होते. आमाला दिसायचं.' पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

सुरक्षेच्या शास्त्रात एक उतरंड शिकवतात. सगळ्यात वर: धोका काढूनच टाका. मग: कमी धोक्याचं काहीतरी वापरा. मग: माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी उभं करा. त्याच्या खाली सूचना, पाट्या, प्रशिक्षण. आणि शेवटी हेल्मेट-हातमोजे. वरचे उपाय माणूस दमला, घाबरला, विसरला तरी चालतात. खालचे उपाय माणसाने कायम शहाणं असावं अशी अट घालतात. मी धोका काढून टाकू शकत होतो. पंधरा मिनिटांत. त्याऐवजी मी एक वाक्य बोललो, आणि त्या वाक्याने धार माझ्या खात्यातून त्याच्या खात्यात जमा केली.

* * *

पण मग संमतीचं काय? तो सव्वीस वर्षांचा, शिकलेला माणूस. त्याला निवडायचा हक्क नाही का?

याच खाडीत ९ मे २०१३ रोजी अँड्र्यू सिम्प्सन हा ब्रिटिश खलाशी गेला. वय ३६, बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. अमेरिकाज कपच्या सरावात त्याच्या टीमची ७२ फुटी दुहेरी बोट उलटली, मोडली, आणि तो खाली अडकला. धोका पत्करणारा, पुरेपूर जाणणारा माणूस म्हणजे तोच. तरीही 'त्याला माहीत होतं' म्हणून कुणी फाइल बंद केली नाही. शर्यतीच्या संचालकांनी ३७ सुरक्षा सूचना काढल्या. वाऱ्याची मर्यादा खाली आणली, खलाशांच्या अंगावरच्या साहित्याचे नियम कडक केले. त्यातल्या सुकाणूच्या पंखांबाबतच्या एका सूचनेवरून दोन टीम तक्रार घेऊन गेल्या, की सुरक्षेच्या नावाखाली बोटीचे नियम बदलतायत. पंचांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं. काळजी कुठे संपते आणि फायदा कुठे सुरू होतो हे तिथेही सरळ नव्हतं.

मला यातून एवढं कळलं की माणूस खेळाला संमती देतो, वस्तूच्या पोटातल्या प्रत्येक निर्णयाला नाही. तसं करणं शक्यच नसतं. माझ्या रूममेटने पडण्याला संमती दिली होती. थंड पाण्याला, बरगड्या दुखण्याला, मास्ट नडगीवर बसण्याला दिली होती. ते सगळं उडण्याच्या किमतीत येतं. उचल हवी तर पंख हवा, पंख असला की तो कधीतरी लागणार. पण कागदासारखी कड त्या किमतीत नव्हती. ती माझ्या फोटोसाठी होती. ती काढून टाकली असती तर त्याच्या आनंदातून काहीच वजा झालं नसतं.

म्हणून मी आता धोके दोन ढिगांत टाकतो. एका ढिगात असे, जे काढले तर ती गोष्टच उरत नाही. त्याबद्दल समोरच्याला नीट सांगावं आणि मग त्याच्या मर्जीवर सोडावं. तिथे जास्त काळजी करणं म्हणजे त्याला लहान समजणं. दुसऱ्या ढिगात बनवणाऱ्याने आळसाने, हौसेने किंवा पैसे वाचवायला ठेवलेले धोके. हे कितीही वेळा सांगितले तरी पहिल्या ढिगात जात नाहीत. सांगणं ही इथे काळजी वाटते, पण ती पावती असते.

सीमारेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते, हे मला कबूल आहे. थोडी पातळ कड, थोडा जास्त वेग, यात कुठेतरी खरी देवाणघेवाण असते. माझ्या बाबतीत ती नव्हती, म्हणूनच मी तिच्याबद्दल इतक्या ठामपणे बोलू शकतो.

* * *

एक गोष्ट उरते, आणि ती मला जास्त छळते. आठ महिने मी तोच पंख वापरला तेव्हा मला काहीच टोचलं नाही. दोष तेवढाच होता. तो अपघाताच्या दिवशी जन्मला नाही, गॅरेजमध्ये जन्मला. मग अपराधी वाटायला रक्त का लागलं? आणि जखम आतल्या अंगाला झाली असती तर मी आहे त्यापेक्षा वाईट माणूस ठरलो असतो का?

१९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या विषयावर निबंध मांडले. दोघांच्याही लिखाणात एक ट्रक ड्रायव्हर येतो. नेगलच्या ड्रायव्हरने ब्रेक तपासून घ्यायचं टाळलंय. मूल रस्त्यावर आलं नाही तर तो फक्त जरा बेफिकीर माणूस, आलं तर आयुष्यभराचा गुन्हेगार. दोन्हीत त्याने केलेलं तेच. विल्यम्सच्या ड्रायव्हरची तर चूकही नाही. लोक त्याला समजावतात, आणि तसं समजावणं योग्यच आहे. पण तो फार पटकन समजला, तर आपल्याला त्याच्याबद्दल शंका येते.

पलंगावरचं ते वाक्य मला आता असं ऐकू येतं. रूममेटने मला समजावणं बरोबर होतं. ते त्याचं मोठेपण. मी ते लगेच घेऊन टाकणं बरोबर नव्हतं. 'त्याचा दोष नाही' हे म्हणायचा हक्क त्याला आहे, माझ्याबद्दल. मला स्वतःबद्दल नाही.

आणि नशिबाच्या प्रश्नाचं माझं कामचलाऊ उत्तर असं: परिणाम माझ्या हातात नव्हता, पण बोट कापलं ती संध्याकाळ माझ्या हातात होती. खाडीने मला आठ महिने आधी, स्वस्तात, एका बँडेडच्या किमतीत सगळं सांगून ठेवलं होतं. मी त्याचा अर्थ कौतुक असा लावला.

* * *

यंदा मला मोटर लावलेला फॉइल बनवायचा होता. त्याला लिथियमच्या सेलचा मोठा पॅक लागतो, तो घरी जोडायचा, गॅरेजमध्ये चार्ज करायचा. खारं पाणी आत गेलं आणि सील नीट नसेल तर असा पॅक नंतर कधीही पेटू शकतो, रात्रीसुद्धा. आमच्या गॅरेजच्या बरोबर वर घरमालकांची नात झोपते. तिला मी 'जपून' असंही सांगू शकत नाही. अर्धे भाग येऊन पडलेत. घराबाहेर, कशालाही न चिकटून ठेवता येईल अशी चार्जिंगची जागा मिळेपर्यंत ते तसेच पडतील.

जुना पंख अजून आहे. टाके निघाले त्या आठवड्यात मी त्याची मागची कड घासली. आधी ओबडधोबड पेपर, मग बारीक, मग अंगठा दाबून दोन वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहिला. घड्याळ लावलं होतं. अठरा मिनिटं लागली.

एप्रिलमध्ये वारा सुरू झाला तेव्हा रूममेटने तो परत मागितला. दिला. तासाभराने भिजून परत आला, तर मी विचारलं, फरक वाटला का काही?

'कशात बे?' तो म्हणाला.